‘तोंडाला चव नाही’ : बिघाड जिभेत, नाकात की मेंदूत?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या आई ६३ वर्षांच्या असून गोरेगावला तुमच्याजवळ राहतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांना सर्दी-तापाचे दुखणे झाले; ताप चार दिवसांत उतरला, पण ‘तोंडाला चव नाही’ ही तक्रार काही जात नाही. आमटी, भाजी, मासे सगळे चोथ्यासारखे लागते असे त्या म्हणतात. त्यामुळे आमटीत मीठ वाढत चालले आहे आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने घरात रोज त्यावरून कुरबुर होते. जीभ तपासून झाली, ती स्वच्छ आहे. बी-१२ च्या गोळ्याही घेऊन झाल्या. आता एका नातेवाइकांनी ‘मेंदूची चव ओळखणारी नसच गेली असेल, एमआरआय करा’ असे सुचवल्यामुळे तुम्ही धास्तावला आहात. बिघाड जिभेत आहे की मेंदूत, एमआरआय करावा का, आणि मिठाचे काय करायचे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली अठ्ठावीस वर्षे दादरला कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करतो. रुग्णाला समोर बसवल्याशिवाय निदान करता येत नाही आणि हे उत्तर तपासणीला पर्याय नाही, हे आधीच सांगतो. तरीही तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहून गेला आहात, ‘चहात साखर कमी पडली तर मात्र तिला लगेच कळते’, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती त्याच वाक्यात आहे. ज्यांना आमटी चोथ्यासारखी लागते पण चहातली साखर अचूक कळते, त्यांची जीभ काम करते आहे, जिभेकडून मेंदूकडे जाणारी वाटही बहुधा शाबूत आहे, आणि हरवले आहे ते वेगळेच काहीतरी.

घोळ ‘चव’ या शब्दापासून सुरू होतो. आमटीची चव म्हणताना आपल्या मनात चिंचेचा आंबटपणा, गुळाची गोडी आणि मीठ तर असतेच, पण गोडा मसाला, कढीपत्ता, हिंगाची फोडणी आणि वरून पेरलेली कोथिंबीरही असते. यांपैकी जिभेला कळते ते पहिल्या तिघांपुरतेच. शरीरशास्त्राच्या हिशेबाने जिभेला पाच गोष्टी ओळखता येतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. ही पाचवी चव जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळी ओळखली; ती ग्लुटामेटची चव असून आपल्याकडे पिकलेल्या टोमॅटोत आणि सोड्यांत ती भरपूर असते. आयुर्वेदाने सहा रस मानले, पण त्यांतले तिखट आणि तुरट हे दोन आजचे शास्त्र चवींत धरत नाही. (आयुर्वेदातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, त्यामुळे मराठी वाचकाची तिथे हमखास फसगत होते.) मिरचीतले कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर (पेशीवरच्या, ठरावीक खूण ओळखणाऱ्या प्रथिनावर) बसते तोच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णताही नोंदवतो, म्हणजे तिखट लागणे हा मेंदूच्या लेखी भाजण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो निरोप चेहऱ्याचा स्पर्श व वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतातंतूने जातो. या ग्राहीच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

राहिले हिंग, कढीपत्ता, कोथिंबीर आणि मसाला. ते कुठे कळतात हे पाहण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करा. वेलची घातलेले श्रीखंड घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि एक चमचा तोंडात घाला. गोड कळेल, आंबट कळेल, गार आणि मऊ हेही कळेल. वेलची मात्र कळणार नाही. घास तोंडात असतानाच चिमूट सोडून नाकाने श्वास बाहेर टाका, की वेलची एकदम हजर होते. चावताना आणि गिळताना घासातले गंधकण घशाच्या मागच्या बाजूने वर चढून नाकाच्या छतापर्यंत पोहोचतात, आणि तिथल्या गंधपेशींवर सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. या ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रथम दाखवून दिली आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. जिभेकडून येणारी पाच प्रकारची खबर आणि नाकाकडून येणारी ही एवढी विविध खबर यांची तुलना केली, तर वासाविना आमटीचे काय उरत असेल ते सहज लक्षात येईल. हा प्रयोग आधी तुम्ही करा, मग आईंना करायला सांगा. चिमूट धरल्याने आणि सोडल्याने त्यांना काहीच फरक जाणवला नाही, तर तक्रार नाकाच्या छताकडे बोट दाखवते.

आता मेंदूकडे वळतो, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. जिभेवर डोळ्यांना दिसतात ते दाणे म्हणजे रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके, नव्हेत. कलिका त्यांतल्या काही दाण्यांच्या आत दडलेल्या असतात. एकेका कलिकेत ५० ते १०० पेशी असतात आणि त्या साधारण दहा ते चौदा दिवसांनी बदलत राहतात, म्हणून गरम चहाने पोळलेली जीभ आपोआप पूर्ववत होते. गोड टोकाला, कडू मुळाशी असा जिभेचा नकाशा अनेकांनी शाळेत पाहिला असेल. तो १९०१ च्या एका जर्मन संशोधनातील किरकोळ फरकांचा पुढे झालेला विपर्यास आहे. पाचही चवी कलिका असलेल्या सर्व भागांत कळतात. तिथून खबर पुढे नेणारे चेतातंतू प्रत्येक बाजूला तीन असतात: जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागासाठी आणि टाळूसाठी चेहऱ्याच्या चेतातंतूच्या शाखा, मागच्या एक-तृतीयांशासाठी एक, आणि घशाच्या तळाशी व्हेगस नावाचा चेतातंतू. उजवे-डावे मिळून या सहा वाटा झाल्या. सगळ्या एकदम बंद पडणे फार दुर्मीळ आहे, आणि ‘मेंदूची चव ओळखणारी नस गेली’ हे वाक्य मला मान्य नसण्याचे पहिले कारण हेच आहे.

यातली एक वाट माझ्या रोजच्या कामातली आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी बारीक शाखा, कॉर्डा टिम्पनी, कानाच्या पडद्यामागून आडवी जाते, आणि मधल्या कानाची शस्त्रक्रिया करताना ती हमखास वाटेत येते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या एक बाई कानाच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या होत्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली, ऐकू येऊ लागले, पण तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखे लागते.’ शाखा ताणली गेली होती आणि तसे होऊ शकते हे मी त्यांना आधी सांगितले नव्हते. ती चूक माझी होती. गंमत अशी की जिभेच्या त्या अर्ध्या भागावर मी साखरेचे पाणी ठेवले तेव्हा त्यांना काहीही कळले नाही, पण रोजच्या जेवणात त्या भागाची उणीव त्यांना जाणवत नव्हती. स्वयंपाकाचा अंदाज एकदाही चुकला नाही. उरलेल्या वाटांवरून आलेल्या खबरीचे वजन मेंदू वाढवतो, आणि चव कुठे लागली हे मुख्यतः स्पर्शावरून ठरवतो. घास जिथे जिथे टेकतो तिथे तिथे चव आहे असे तो धरून चालतो. तांब्याच्या पैशाची ती चव चार-पाच महिन्यांत विरली. तेव्हापासून कानाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी मी चवीविषयी बोलतो.

या सगळ्या वाटा डोक्याच्या तळाशी, लंबमज्जेतील एका केंद्रकात उतरतात. तिथेच पोटाकडून येणारे निरोपही उतरतात, आणि हा शेजार मोठा अर्थपूर्ण आहे. नवजात बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला तर ते ओठ चाटते, कडू थेंबाला तोंड वेडेवाकडे करते. ज्या दुर्दैवी बाळांचा मोठा मेंदू घडलेलाच नसतो त्यांच्यातही ही प्रतिक्रिया दिसल्याची नोंद आहे. म्हणजे हे गिळावे की थुंकावे, एवढा प्राथमिक निर्णय विचार करणाऱ्या मेंदूला विचारल्याशिवाय घेतला जातो. पुढे ही खबर थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील थांब्यामार्गे मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेल्या इन्सुला या भागात पोहोचते आणि तिथे ‘हे गोड आहे, इतके गोड आहे’ अशी जाणीव तयार होते. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड जागृत रुग्णांच्या मेंदूला सौम्य वीजप्रवाहाने स्पर्श करून नकाशा काढत असत; इन्सुलाच्या परिसरात स्पर्श होताच काही रुग्णांनी तोंडात चव आल्याचे सांगितले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या याच भागातील ‘गोड’ पेशींना प्रकाशाने चेतवले, तेव्हा ते साधे पाणी गोड असल्यासारखे चाटू लागले, आणि ‘कडू’ पेशींना चेतवताच तोंड वळवू लागले. जिभेवर काहीच नसताना चव निर्माण करता आली, एवढा या प्रयोगाचा मथितार्थ.

गोड किती हे इन्सुला सांगतो, पण हवेसे आहे की नको, हे मुख्यतः डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागात ठरते. जुन्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा का वाढत, याचे उत्तर इथे सापडते. चौथ्या जिलेबीची गोडी जिभेला आणि इन्सुलाला पहिलीइतकी नसली तरी बऱ्यापैकी कळते. मात्र या पुढच्या भागातील पेशींचा जिलेबीपुरता उत्साह ओसरलेला असतो. तोच आंबट-खारट मठ्ठ्याचा घोट घेतला की त्याच पेशी पुन्हा जाग्या होतात आणि पाचव्या जिलेबीला जागा निघते. पोट भरल्याची भावना पदार्थागणिक वेगवेगळी असते, हे आपल्या वाढप्यांना शास्त्रज्ञांच्या आधी ठाऊक होते असे मला नेहमी वाटते. आणि एखादा पदार्थ खाऊन उलट्या झाल्या की तो वर्षानुवर्षे नकोसा होतो, दोष दुसऱ्याच कशाचा होता हे पक्के ठाऊक असले तरीही. तिथे पोट आणि जीभ यांचा मघाचा शेजार कामाला येतो.

नाकाची खबर याच ऑर्बिटोफ्रंटल भागात येते, पण वेगळ्या रस्त्याने आणि थॅलॅमसमध्ये आधी न थांबता. तिथे ती जिभेच्या खबरीत, घासाच्या स्पर्शात आणि उष्णतेत इतकी बेमालूम मिसळते की वेलची नाकाने कळली हे आपल्याला जन्मभर जाणवत नाही. मेंदू तिचा पत्ता ‘तोंड’ असाच लिहितो. म्हणूनच वास गेलेला माणूस माझ्याकडे येऊन नाकाविषयी अवाक्षरही काढत नाही. तो जीभ बाहेर काढून दाखवतो. तुमच्या आईंनी तेच केले, आणि जिभेत काही सापडले नाही म्हणून सगळे चक्रावले.

‘पण तिला बामाचा वास येतो’ असे तुम्ही लिहिले आहे. त्यावरून नाक ठीक असल्याचा निष्कर्ष काढू नका. बामातला मेन्थॉल, कांद्याची झोंब, मिरचीचा ठसका हे सारे ट्रायजेमिनल चेतातंतूचे काम आहे, आणि वास पूर्ण गेलेल्यालाही ते जाणवते. तपासायचे असेल तर डोळे मिटून लवंग, कॉफीची पूड आणि अंगाचा साबण ओळखायला सांगा.

सर्दी-तापाच्या विषाणूंनी नाकाच्या छतावरील पेशींना इजा होणे ही जुनीच गोष्ट आहे. कोविडमुळे ती घरोघरी माहीत झाली, एवढेच. कोविडच्या विषाणूचा मुख्य मारा गंधपेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर होतो, असे दिसून आले आहे. सुदैवाने गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, पण नव्या पेशीला मेंदूशी योग्य जागी जोडणी करावी लागते आणि त्याला महिने लागतात. जोडणी अर्धवट असताना कॉफी, कांदा, लसूण यांचा वास कुजका किंवा जळका येऊ लागतो. आईंना पुढे तसे झाले तर घाबरू नका; अनेकदा ती सुधारणेच्या वाटेवरची पायरी असते.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेले बरेच काही आहे. श्रीखंडाच्या प्रयोगात त्यांना गोड-आंबटही कळले नाही, तर माझा वरचा सगळा तर्क बाजूला ठेवावा लागेल आणि तोंडाकडे पुन्हा पाहावे लागेल: तोंडाला कोरड पडते का, टाळू झाकणारी कवळी आहे का, मिश्रीची सवय आहे का, मधुमेह आहे का. औषधांची यादी तर नीट पाहायलाच हवी. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कॅप्टोप्रिलने चव जाते हे सुपरिचित आहे. मेट्रोनिडॅझोलने तोंडात धातूची चव येते, बुरशीवरच्या टर्बिनाफिननेही चव जाऊ शकते. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. वयानुसार वास थोडा कमी होतो हेही खरे, पण तो असा एका आठवड्यात जात नाही.

एमआरआयविषयी माझे मत असे. तक्रार तापानंतर लगेच सुरू झाली असेल आणि दुर्बिणीने नाक तपासल्यावर सूज, पॉलिप किंवा गाठ दिसली नाही, तर मी पहिल्या भेटीत एमआरआय सांगत नाही, कारण त्यातून उपचार बदलेल असे काही निघण्याची शक्यता कमी असते. पुढीलपैकी काही असेल तर मात्र सांगतो: डोक्याला मार लागलेला असणे, एकाच नाकपुडीचा वास जाणे, नाकातून वारंवार रक्त येणे, किंवा काही सेकंद विचित्र वास अथवा चव येऊन भान हरपल्यासारखे होणे. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, बोलणे अडखळले किंवा हात-पाय अचानक लुळे पडले, तर कशाचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. आणि कोणत्याही तापाविना वास हळूहळू वर्षा-दोन वर्षांत गेलेला असता, तर मी तुम्हाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते, कारण पार्किन्सन्ससारख्या आजारांत वास जाणे हे फार आधीचे लक्षण असू शकते.

उपचारांत मी ज्यावर सर्वाधिक भर देतो तो घरी करण्यासारखा, कमी खर्चाचा आणि थोडा कंटाळवाणा आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली गंधसरावाची ही पद्धत आता जगभर वापरली जाते. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांच्या वासाच्या चार बाटल्या घ्यायच्या. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकीचा वास दहा-पंधरा सेकंद, तो वास आठवत आठवत, शांतपणे घ्यायचा. असे किमान बारा आठवडे. काहीच वास येत नसला तरी आठवण्याचा भाग सोडायचा नाही. सर्वांनाच पूर्ण गुण येत नाही, पण विषाणूनंतर गेलेल्या वासात त्याने फरक पडल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि सरावाला जितकी लवकर सुरुवात होईल तितके चांगले. एका आजोबांनी लवंगेऐवजी बिस्किटांचा वास वापरू का, असे विचारले होते. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद होईपर्यंत आपले स्टेशन त्यांना लोकलमध्ये डोळे मिटूनही कळत असे. मी म्हटले, वापरा, पण त्या चारांबरोबर.

तोपर्यंत स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र बसवून घ्या. सिलिंडरच्या आणि नळाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो तो गळती कळावी म्हणून, आणि आईंच्या बाबतीत ती सोय सध्या नाही. दूध आणि शिजवलेले अन्न याची शहानिशा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावी. मासे घेताना त्यांनी डोळ्यांची चकाकी आणि कल्ल्यांचा लाल रंग पाहावा.

शेवटी मीठ. आई मीठ वाढवतात ते मिठाची संवेदना गेली म्हणून नव्हे. आमटीतला गंधाचा भाग गळून पडल्यावर मेंदूला ती सपाट लागते आणि जे उरले आहे तेच वाढवून भरपाई करण्याचा मोह होतो. त्यांना रागावण्याने हे थांबणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट लहान चमचा, अशी घातली आहे. ते मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवा आणि स्वयंपाक पूर्वीप्रमाणे त्यांनाच करू द्या, फक्त मीठ अंदाजाने न घालता मापाने. भरपाई इतर वाटांनी करा, कारण त्या वाटा उघड्या आहेत: कोकम, लिंबू, चिंच यांचा आंबटपणा, मिरी आणि आल्याची झोंब, कोशिंबिरीतला काकडीचा करकरीतपणा, भाजलेल्या दाण्यांचा कूट, गरम भातावर गार दही. टोमॅटो आणि मूठभर सोडे घातले तर कमी मिठातही रस्सा भरीव लागतो, मात्र सोडे आधी धुऊन घ्या, कारण त्यांत स्वतःचे मीठ असते.